गुर्जींचे फारसी बैल

आमच्या गावात मोसंबीचा ट्रक बागेत मागं घ्यायचा असला, की मागं उभा राहिलेला हमाल फळीवर थाप मारतो आणि म्हणतो, "अकब, अकब." ड्रायव्हर परमुलखातला असला की खिडकीतून मान काढून विचारतो, "काय म्हणलास बे?" हमाल म्हणतो, "गाडी मागं घे म्हणलो." "मग तसं सांग की." "तसंच सांगितलं." त्या पोराला विचारलं हा शब्द कुठला, तर तो म्हणतो, आमच्याकडचाच हाय, बैलाला म्हणतात. त्याचं चुकत नाही. बैलालाच म्हणत. पण ते बैल कुणाचे आणि कशासाठी मागं चालत होते, हे सांगायला आता गावात मी आणि दोन-तीन म्हातारी माणसं उरलोत. बाकीच्यांना वाटतं बाई थापा मारते. मारीत असेन थोड्या. ही मात्र थाप नाही.

गुर्जींचं घर आमच्या घराला लागून. मध्ये कमरेइतकी मातीची भिंत, त्यामुळं त्यांचं खोकणं आमच्या घरात आणि आमचं भांडण त्यांच्या घरात. मी लग्न होऊन आले तेव्हा गुर्जी शाळेतून मोकळे झालेले होते. अंगानं काडी, डोक्यावर उंच काळी टोपी, पायात वेगवेगळ्या जोड्यांतल्या चपला. निजामाच्या राज्यात गेवराईच्या शाळेत ते फारसी शिकवायचे. मग निजाम गेला आणि त्याच्या मागं फारसीही गेली. सरकारनं या माणसाला काढून टाकलं नाही, पण शिकवायला दिली कवायत. गुडघा दुखणारा माणूस आणि कवायत. गुर्जींनी ती पण फारसीत शिकवली. पेश म्हटलं की पुढं, अकब म्हटलं की मागं. तपासणीला साहेब आले तेव्हा गुर्जी नुसते अकब म्हणून साहेबांशी बोलत राहिले. अख्खी शाळा मागं मागं सरकत कुंपणाच्या बाभळीला टेकली तरी थांबेना. साहेबांनी हे कोणत्या नियमात बसत नाही ते लई शोधलं म्हणे. सापडलं नाही.

गुर्जींची बायको तरणीच गेलेली. मूलबाळ नाही. फारसी बोलायला गावात माणूस नाही. मग ते बैलांशी बोलायचे. दोन बैल होते, एक थोराड पांढरा, त्याचं नाव वजीर, आणि एक तांबडा नवाट, त्याचं नाव प्यादा. सकाळी वैरण टाकताना त्यांच्याशी बोलणं सुरू व्हायचं ते संध्याकाळी दावणीला बांधेपर्यंत. मी एकदा भिंतीवरून विचारलं, "गुर्जी, बैलांना कळतं का हो हे?" तर म्हणाले, "सूनबाई, भाषा म्हणजे गहू. कणगीत नुसती ठिवली की किडे होतात. बैलांना कळतंय का न्हाई ते मला ठावं न्हाई. पण ऐकून घेतात. तुझा नवरा तेवढं पण करीत न्हाई."

त्यात काही खोटं नव्हतं.

चहा ते काळा प्यायचे. गुळाचा खडा दातांत धरायचा आणि बशीतला चहा त्याच्यावरून ओढायचा. इराणात असाच पितात, असं त्यांचं म्हणणं. इराणला ते कधी गेलेले नव्हते. औरंगाबादच्या पलीकडंच गेलेले नव्हते. पण इराणविषयी असे बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं शिरूरच्या अलीकडंच कुठं तरी यांची सासुरवाडी आहे.

आणि रेडिओ. त्या रेडिओची तार त्यांनी ओसरीच्या खांबापासून आमच्या दारातल्या कडुलिंबापर्यंत ओढली होती. मला कपडे वाळत घालायला दुसरी जागा नव्हती. ओलं लुगडं त्या तारेवर पडलं की पलीकडं इराण बंद. लगेच भिंतीवरून टोपी वर यायची. "सूनबाई, लुगडं काढ. तिकडं लोक रस्त्यावर आलेत." मी म्हणायची, "येऊ द्या. माझं लुगडं वाळल्याबिगर मी रस्त्यावर येऊ शकत न्हाई." असं आमचं चालायचं.

आता माझ्या जिवाला काय घोर होता तेही सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी, खडी फोडत होते. त्यानंतर कोयता. दसरा झाला की बैलगाडीत संसार घालायचा आणि ऊसतोडीला कारखान्यावर जायचं. पाचटाच्या खोपीत राहायचं. माझा थोरला लेक तिथंच, उसाच्या फडात झाला. मग गावच्या सोसायटीनं विहिरींना डिझेलची इंजिनं दिली, मोसंबीची रोपं दिली. आम्हीही बाग लावली. चार-पाच वर्षं सासूबाई बागेपाशी राहायच्या आणि आम्ही दोघं तोडीला जायचो. मग अठ्ठ्याहत्तर साली सासूबाई वारल्या. झाडं पहिलं फळ धरायला आली होती. मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, औंदा जायचं न्हाई, बाग बघू. मी कोयता खुंटीला लावला. बाग जगली तर तो तिथंच राहणार होता. वाळली तर पुन्हा गाडी, पुन्हा खोप, आणि या वेळी दोन लेकरं पाठीशी. साधा हिशोब होता. मी रोज उठून आधी झाडं बघायची आणि मग तो कोयता.

त्याच हिवाळ्यात इराणात उठाव झाला. तिथं एक बादशहा होता. गुर्जींच्या सांगण्याप्रमाणं त्याला अमेरिकेनं गादीवर बसवून ठेवलेला. बसवला म्हणजे अगदी हाताला धरून, लोकांनी निवडलेल्या माणसाला बाजूला सारून. "परक्याच्या जिवावर जो गादीवर बसतो ना, सूनबाई, त्याची पाठ कायम उघडी असती," ते म्हणायचे. "म्हणून त्याला एवढे पोलीस लागतात." निजाम जाताना त्यांनी डोळ्यांनी बघितलेला, त्यामुळं बादशहा कसे जातात यातलं आपल्याला कळतं, असा त्यांचा तोरा होता.

एक दिवस सकाळीच टोपी भिंतीवर आली. लुगडं तारेवर नव्हतं, तरी आली. "मालक हायेत का? त्यांना म्हणावं, तिकडं तेलाच्या विहिरीवरच्या कामगारांनी काम बंद केलं."

मालक विहिरीवरचं इंजिन अंगणात आणून पुसत बसले होते. इंजिनाला ते दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे, मला लग्नानंतर कधी गजरा आणला नाही. ते तिथूनच म्हणाले, "करू द्या की. आपल्या विहिरीचं तर न्हाई ना बंद?"

"व्हईल," गुर्जी म्हणाले. "तिकडं तेल थांबलं की इकडं डिझेल थांबणार. डिझेल थांबलं की इंजिन. उन्हाळ्यापर्यंत मोट लागंल बघा."

मालक इतके हसले की हातातली चिंधी पडली.

त्या दिवसापासून गुर्जींनी बैल मागं चालवायला सुरुवात केली. ज्यांनी मोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठापासून खाली उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली जातात तेव्हा दोराला बांधलेली चामड्याची मोट पाण्यानं भरून वर येते आणि दगडी थारोळ्यात रिकामी होते. मग बैलांनी तोंड न वळवता, मागं मागं, चढावर परत यायचं. तेव्हा मोट पुन्हा पाण्यात उतरते. बैलानं उलटं चढायचं ही काही जन्मजात गोष्ट नाही, शिकवावी लागते. वजिराला ती येत होती, तो मोटेच्या काळातला. प्याद्याला नव्हती. गावात इंजिनं आल्यावर जन्मलेल्या एकाही बैलाला नव्हती.

तर गुर्जी रोज उन्हं कलली की त्यांच्या आणि आमच्या शेताच्या मधल्या सामाईक विहिरीवर जायचे. मोट नाही, दोर नाही. नुसती बैलजोडी आणि धाव. पेश म्हणायचे, बैल खाली. अकब म्हणायचे, बैल मागं. वजीर शहाण्यासारखा यायचा. प्यादा तिरपा व्हायचा, बसायचा, एकदा तर गुर्जींच्या पायावर उभा राहिला. सगळं गाव बघायला यायचं. बायका पदराआड हसायच्या. लोक विचारायचे, "गुर्जी, हे काय चाललंय?" गुर्जी म्हणायचे, "इराणचा बादशहा चाललाय." आणि पुन्हा, अकब.

बादशहा खरंच विमानात बसून गेला त्या दिवशी गुर्जींनी गल्लीत गूळ वाटला. बैलांच्या तोंडातही एकेक खडा घातला. मला म्हणाले, "शहा गेला. आता पटावर वजीर आन् प्यादा." एवढा आनंद झालेला माणूस मी लग्नाच्या मांडवातही बघितला नाही.

पुढच्या आठवड्यात सोसायटीची सभा होती. ऐनवेळचे विषय आले तसे गुर्जी उठले. म्हणाले, सोसायटीनं उन्हाळ्याच्या आत सभासदांना मोटा करून द्याव्यात. चेअरमन माणूस वाईट नव्हता, पण इंजिनं त्यानं आणली होती आणि त्याला ती पोटच्या पोरांसारखी. तो म्हणाला, "गुर्जी, तिकडचा बादशहा आपल्या सोसायटीचा सभासद हाय का?" सभा हसली. "देश पुढं चाललाय आन् तुमी बैलं मागं चालवताय. आमी पण मागंच जायचं का?"

"पाणी पायजे असंल तर जावं लागंल," गुर्जी म्हणाले. "बैल मागं आला न्हाई तर मोट पाण्यात उतरत न्हाई." आणि टोपी सारखी करून खाली बसले. ठरावाच्या बाजूनं एकच हात वर झाला, तो त्यांचाच.

होळी झाली आणि गेवराईच्या पंपावर डिझेलला रांग लागली. आधी माणसांची, मग माणसांच्या जागी डबड्यांची. मालक रिकामं बॅरल गाडीत घालून जायचे आणि रिकामंच घेऊन यायचे. पंपवाला सांगायचा, वरूनच माल येत नाही. वरून म्हणजे कुठून, हे कुणी विचारलं की आमच्या गावची माणसं एकमेकांकडं बघायची. इंजिन दोन-दोन दिवस मुकं. मालक त्याच्यावर हात फिरवत बसायचे, आजारी माणसाजवळ बसावं तसे. मोसंबी लिंबाएवढ्या झाल्या होत्या. पानं दुपारी वळायला लागली. खाली पडलेली हिरवी फळं मी वेचायची आणि सासूबाईंच्या फोटोपुढं ठेवायची, दुसरं काय करणार. विहिरीला तळाशी पाणी होतं. दिसत होतं. वर येत नव्हतं. त्या दिवसांत मी खुंटीकडं बघायचं सोडून दिलं.

शेवटी मीच मालकांना म्हटलं, "तुमी जाता का मी जाऊ?"

"कुठं?"

"गुर्जींकडं. बैल मागायला."

ते म्हणाले, "मी त्यांना हसलो होतो." मी म्हटलं, "हसला होता तर आता रडत जा. पण जा."

ते गेले. गुर्जींनी एका शब्दानं टोचलं नाही. उलट म्हणाले, बैल देतो, पण मोट कशाची करणार? चामड्याच्या मोटा गावानं केव्हाच कापून चपला केल्या होत्या. मालकांचं डोकं त्या वेळी चाललं, हे मी कबूल करते. त्यांनी आमचं रिकामं बॅरल लोहाराकडं नेलं, आडवं कापून घेतलं, त्याला कड्या मारल्या आणि ट्रकच्या फाटक्या ट्यूबची सोंड लावली. डिझेलच्या बॅरलची मोट. गुर्जी ती बघून एवढे खूश झाले, की त्यांनी तिच्यावर फारसीत काही तरी म्हटलं आणि आम्हाला अर्थ सांगितला नाही.

पहिल्या दिवशी मालकांनी वजिराच्या जोडीला आमचा सोन्या जुंपला. शिकलेल्याच्या शेजारी न शिकलेला, म्हणजे बघून शिकेल. आमचा दुसरा बैल प्याद्याच्या शेजारी दुपारी शिकणार होता. गुर्जी विहिरीवरच्या लिंबाखाली चहा घेऊन बसले. खाली जाणं सोपं होतं, ते झालं. मोट वर आली, थारोळ्यात पाणी पडलं, आणि ते पाणी बघून मला भरून आलं. मग बैल धावेच्या खालच्या टोकाला उभे राहिले. मालक म्हणाले, "मागं. सर मागं." वजीर हलला नाही. मालकांनी कासरा ओढला, शिव्या घातल्या, शेपटीला हात घातला. वजिरानं फक्त कान फिरवला. त्याला मराठी येतच नव्हती.

मालकांनी गुर्जींकडं बघितलं. गुर्जी बशीतून चहा ओढत म्हणाले, "बैल दिला. तोंड तुमचं वापरा."

मालकांना तो शब्द पाठ होता. गावात कुणाला नव्हता? पण त्याच शब्दाच्या चावडीवर बसून त्यांनी हिवाळाभर नकला केल्या होत्या, आणि आता बघायला निम्मं गाव जमलेलं. त्यांच्या तोंडातून शब्द निघेना. मान खाली घालून उभे राहिले. इकडं ऊन चढत होतं आणि माझी बाग माझ्या डोळ्यांसमोर वाळत होती. मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, धावेवर गेले, मालकांच्या हातातला कासरा घेतला आणि भिंतीपलीकडून रोज ऐकलं होतं तस्संच म्हटलं, "अकब."

वजीर मागं चालायला लागला. सोन्या बिचकला, तिरपा झाला, पण जू एकच, वजिरानं त्याला खेचतच वर आणलं. मोट पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. गुर्जी लिंबाखालून म्हणाले, "सूनबाई, उच्चार चांगला हाय. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. दिवसभर म्हटलं. बायकांनी मोट हाकायची रीत नव्हती, पण इराणातल्या बादशहानं पळून जायचीही रीत नव्हती. संध्याकाळी मालक हळूच माझ्याशेजारी आले, आणि कुणी बघत नाही असं बघून म्हणाले, "अकब." बैल मागं आले. तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

नंतर काय, गावात ज्याच्या विहिरीला म्हणून पाणी होतं तो प्रत्येक जण लोहाराकडं बॅरल घेऊन उभा. चेअरमननं सोसायटीच्या गोदामातली रिकामी बॅरलं उघडून दिली. स्वतः येऊन म्हणाला, "गुर्जी, वजीर आमच्याकडं कवा येणार?" वजीर आणि प्यादा त्या उन्हाळ्यात पाळीपाळीनं साऱ्या गावाचे मास्तर झाले. ज्याच्या घरी बैल शिकवायला जायचे तो त्यांना पेंड घालायचा, आणि फारसी शिकून घ्यायचा. पहाटे गावाच्या चारी अंगांनी विहिरीवरून आवाज यायचे. पेश. अकब. आहिस्ता. गुर्जी ओसरीवर चहा घेत ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, "तीस वर्षं शाळेत शिकवली, एक पोरगं बोललं न्हाई. आन् आता बघ." डोळे पुसत होते. मी दिसू नये म्हणून भिंतीखाली वाकले.

पण एक सांगायचं राहिलं. पुढं पुढं गुर्जी रेडिओ कमी लावायला लागले. मी लुगडं वाळत घातलं तरी टोपी वर येत नव्हती. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. विचारलं तर म्हणाले, तिकडं आता रोज माणसं मारतात. बादशहाची माणसं आधी मारली, मग ज्यांनी बादशहाला घालवलं त्यांतलीही काही. "तो गेला ते बरंच झालं, सूनबाई. त्याच्यासाठी वाटलेला गूळ मी परत घेणार न्हाई. पण ह्याच्यासाठी मी गूळ वाटला नव्हता." मग उठून बैलांकडं गेले. त्या दिवशी ते बैलांशीही बोलले नाहीत.

पाऊस त्या साली दगा देऊन गेला. निम्मी फळं गळाली. झाडं मात्र जगली. आणि राहिली ती मोसंबी दसऱ्याच्या सुमाराला पिवळी झाली. पहिली पाटी मी गुर्जींना नेली. तर ओसरीवर मुकादम बसलेला. शिरूरकडचा, दर साली तोडीला कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, गोळा करायला यायचा. गुर्जींची ओसरी सावलीची, म्हणून तिथं टेकायचा. मला बघून म्हणाला, "काय वैनी, औंदा येता का? गेल्या साली आला न्हाईत. गाडी तयार हाय."

बाग जगली होती, पण दुष्काळाचं साल, निम्मंच फळ. दोन दिवसांपासून मालक आणि मी तेच बोलत होतो. एक हंगाम जावं का, असंही आमचं झालं होतं.

गुर्जींनी पाटीतली एक मोसंबी घेतली, सोलली, खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. मग म्हणाले, "सूनबाई, माझ्या बैलांना वैरण तोडायला कोयता न्हाई. तुझा देतीस का?"

त्यांच्या मागच्याच भिंतीवर त्यांचे दोन कोयते टांगलेले होते. मला दिसत होते. मुकादमालाही दिसत होते. गुर्जी त्या भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होते.

मी घरात गेले, खुंटीवरचा कोयता काढला आणि मधल्या भिंतीवरून त्यांच्या हातात दिला. मुकादम पाणी मागून प्याला आणि उठून पुढच्या गल्लीत गेला.

मी विचारलं, "गुर्जी, परत कवा देता?"

ते म्हणाले, "इराणचा बादशहा परत आला की."

गुर्जी आणखी बरीच वर्षं जगले. वजीर आधी गेला, मग प्यादा, मग ते. बादशहा काही परत आला नाही. मीही कोयता मागितला नाही.